कपाटातला उजेड

पहिला डाग बायकोनं पाहिला. मला तो दिसणं शक्यच नव्हतं, मागच्या बाजूला, पट्ट्याच्या खाली होता. रुपयाएवढा, तांबूस, थोडा कोरडा. खाज म्हणावी तर होती, नाही म्हणावी तर नव्हती. २०१६ चा पावसाळा होता. "गजकर्ण दिसतंय, अहो," ती म्हणाली आणि मीही मान डोलावली. बेळगावच्या वडगावात आमचे सहा माग आहेत, पॉवरलूम. शेडला पत्रा, हवेत सुताची कसपटं, दिवसभर घाम. मागावरच्या चार माणसांत एकाला तरी जांघेत गजकर्ण असतंच. आपल्यालाही झालं, एवढंच.

गल्लीच्या तोंडाशी मेडिकल आहे. त्यानं ट्यूब दिली. दोन दिवसांत डाग फिका पडला, पंधरा दिवसांत परत आला आणि येताना भावाला घेऊन आला. पुन्हा ट्यूब. असं सहा वर्षं चाललं, हे लिहिताना माझी मलाच लाज वाटते. त्या ट्यूबमध्ये तीन औषधांची खिचडी असते, बुरशीचं, जंतूंचं आणि वर स्टिरॉइड. स्टिरॉइडनं लाली बसते, म्हणून औषध लागू पडलं असं आपल्याला वाटतं. मधल्या काळात दोन डॉक्टरही झाले. एकानं गजकर्णाच्या गोळ्या दिल्या, दुसऱ्यानं इसब म्हटलं. नावं घेत नाही. पँट उतरवून सगळं नीट बघा, असं मीही त्यांना कधी म्हटलं नव्हतं.

२०२२ च्या दिवाळीपर्यंत मांड्या, ढुंगण, कंबर, काखेच्या खालची बाजू, सगळीकडे डाग झाले. एक-दोन जाड झाले होते, बोट फिरवलं की कडा हाताला लागायची. थोरल्या भावानं अंघोळीनंतर एकदा पाठ बघितली आणि दुसऱ्याच दिवशी गाडीवर बसवून मोठ्या हॉस्पिटलच्या कातडीच्या ओपीडीत नेलं.

तिथं पीजी करणारी एक डॉक्टर होती, विजापूरकडची. घरची भाषा कानडी, मराठी पेशंटांकडून शिकलेली. तिनं पडद्यामागं नेऊन सगळे कपडे उतरवायला लावले आणि सहा वर्षांत कुणी विचारला नव्हता तो प्रश्न विचारला. "काका, डाग सगळे कपड्याच्या आतच का आलेत?" मी म्हटलं, घाम साचतो म्हणून असेल. "घाम मानेला पण येतोय की. मान बघा, हात बघा, स्वच्छ. ऊन लागतंय तिथं काही नाही."

मग तिनं मोजणी केली. माणसाचा स्वतःचा तळहात, बोटांसकट, म्हणजे त्याच्या अंगाचा साधारण एक टक्का. माझा हात धरून ती तो एकेका डागावर ठेवत गेली आणि तोंडानं आकडे म्हणत गेली. शेताची मोजणी करायला साखळी घेऊन येतात ना, तसं वाटलं. चौदा तळहात भरले.

तुकडा काढून तपासायचा ठरला, पण लगेच नाही. आधी महिनाभर सगळ्या ट्यूबा बंद. स्टिरॉइड लावलेल्या कातड्याचा तुकडा खोटं बोलतो, असं ती म्हणाली. तो महिना मी कसा काढला ते मलाच माहीत. पहिला तुकडा काढला तर अहवाल आला: नक्की सांगता येत नाही. या आजारात असं पुष्कळदा होतं म्हणे, दोन-तीनदा तुकडे काढावे लागतात. दुसऱ्या वेळी दोन ठिकाणचे काढले. कागदाला भोक पाडायचं पंच असतं तसलंच चार मिलिमीटरचं हत्यार, सुई टोचून जागा बधिर करतात, गोल फिरवतात, वर एक टाका. मेणाच्या ठोकळ्यात बसवलेला तो तुकडा पुढच्या तपासणीसाठी बाहेरगावी पाठवायचा होता. तो ठोकळा प्लास्टिकच्या पिशवीत घालून माझ्याच हातात दिला. शंकरपाळीएवढा. त्यात माझ्या सहा वर्षांचं उत्तर होतं आणि मी तो शर्टाच्या खिशात घालून खडेबाजारातून चालत गेलो, वाटेत चहा प्यालो.

उत्तर आलं, मायकोसिस फंगॉइडिस. कातडीतल्या टी पेशींचा लिम्फोमा. म्हणजे कॅन्सर.

नावाची गंमत अशी की मायकोसिस म्हणजे बुरशीचा रोग. हा आजार पहिल्यांदा नोंदवला पॅरिसच्या जाँ-लुई आलिबेर या डॉक्टरनं, १८०६ साली. त्याच्या रुग्णाच्या अंगावरच्या गाठी भूछत्रासारख्या दिसत होत्या म्हणून पुढं हे नाव पडलं. बुरशीचा आणि याचा काडीचा संबंध नाही. पण मेडिकलवाल्यानं अहवाल हातात घेऊन वाचला आणि विजयी मुद्रेनं म्हणाला, "बघा, फंगस! मी काय सांगत होतो?" त्या दिवसात मी एकदाच हसलो असेन, तो तेव्हा.

आता हा आजार काय आहे, ते मला समजलं तेवढं सांगतो. रक्तात पांढऱ्या पेशी असतात, त्यातली एक जात टी पेशी. या शरीराच्या राखणदार. त्यातल्या काहींची नेमणूकच कातडीवर असते, तिथं गस्त घालायची, बाहेरचं काही शिरलं तर आरडाओरडा करायचा. माझ्या कातडीतली अशीच एक राखणदार पेशी बिघडली आणि तिची पिलावळ वाढत गेली. साध्या टी पेशीच्या अंगावर असणारं सीडी-७ नावाचं ओळखचिन्ह माझ्या तुकड्यातल्या पेशींवरून गळून पडलेलं होतं. म्हणजे वर्दी तीच, बिल्ला गायब. या पेशी कातडीच्या वरच्या थरात चढून घोळका करून बसल्या होत्या, म्हणून डाग.

घरी कळलं तसा सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला आणि प्रत्येक सल्ल्यात एकच शब्द, प्रतिकारशक्ती. भावानं गुळवेलीचा काढा आणला. खानापूरच्या मावशीनं जंगलातला मध पाठवला. व्याह्यांनी च्यवनप्राशचा मोठा डबा. शेजारचे तात्या रोज सकाळी दारात उभे राहून विचारायचे, "काय गा, काढा घेतलास काय?" कॅन्सर म्हणजे अंगातली ताकद कमी पडली, ताकद वाढवली की रोग हटेल, असा सगळ्यांचा हिशेब. माझाही तोच होता. मी तो डॉक्टरसमोर मांडला तेव्हा ती पेन खाली ठेवून म्हणाली, "काका, ज्या पेशी वाढवायच्या म्हणताय, त्याच तुमच्या वाढल्यात. आपण त्या मारायला बसलोय."

हे वाक्य पचायला मला बरेच दिवस लागले. अजूनही काही नातेवाइकांना ते पटलेलं नाही.

रक्त तपासलं, त्यात त्या पेशी सापडल्या नाहीत. लिम्फच्या गाठींची सोनोग्राफी झाली, ती ठीक. दहा टक्क्यांच्या वर कातडी, बाकी काही नाही, म्हणून टप्पा पहिला, त्यातला ब. भावानं विचारलं, मग केमो कधी? कॅन्सर आणि केमो ही जोडी आपल्या डोक्यात लग्नाच्या गाठीसारखी पक्की. मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, इतक्या लवकरच्या टप्प्यावर केमोची गरज नाही. अमेरिकेत १९८९ मध्ये १०३ रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. निम्म्यांना सुरुवातीलाच जोरदार किरणं आणि केमो, निम्म्यांना कातडीवरचे सौम्य उपचार पायरीपायरीनं. जोरदार उपचारानं त्रास जास्त झाला, आयुष्य मात्र वाढलं नाही. "तुम्हाला पुवा देऊ," ते म्हणाले.

पुवा म्हणजे सोरालेन अधिक यूव्हीए. सोरालेन हे औषध आणि यूव्हीए हा अतिनील किरणांतला एक पट्टा, ३२० ते ४०० नॅनोमीटरचा. गोळी घ्यायची, दोनेक तासांत ती कातडीपर्यंत पोचते, मग त्या उजेडात उभं राहायचं. नुसती गोळी त्या पेशींचं काही वाकडं करत नाही, तेवढ्या मापाचा नुसता उजेडही फारसं करत नाही. दोन्ही एका जागी गाठ पडली की काम होतं. त्यामुळे पोट, मूत्रपिंड, हाडं सगळीकडे औषध फिरतं, पण उजेड पोचतो तो कातडीच्या वरच्या थरांपुरताच.

सोरालेन आपल्याकडच्या बावचीत असतं हे ऐकून मी चाट पडलो. कोडावर बावची लावून उन्हात बसायचं हा आयुर्वेदातला जुना उपाय. इजिप्तमध्येही नाईलच्या काठची अशीच एक वनस्पती वापरायचे, अम्मी माजुस. कैरोच्या डॉक्टर एल मोफ्ती यांनी १९४० च्या दशकात तिच्यातलं शुद्ध द्रव्य कोडाच्या रुग्णांना देऊन पाहिलं. पुढं १९७४ मध्ये बॉस्टनच्या डॉक्टरांनी गोळी आणि यूव्हीएच्या दिव्यांची जोडी सोरायसिससाठी बसवली आणि दोनच वर्षांनी, १९७६ मध्ये, माझ्या आजारावर तीच वापरल्याचं प्रसिद्ध झालं.

हे मी घरी सांगितलं ती चूकच झाली. मेहुणा म्हणाला, "मग हॉस्पिटलात पैसे कशाला घालवता भावजी? बावचीचं तेल लावा आणि गच्चीवर बसा." डॉक्टरला विचारलं तर ती एकदम गंभीर झाली. बावचीचं तेल लावून उन्हात बसलेले, फोड आलेले पेशंट तिनं पाहिले होते. "उन्हाला मीटर नाही काका. आमच्या मशीनला आहे."

सुरू करण्याआधी डोळे तपासले, यकृताच्या चाचण्या केल्या. संमतीचा कागद कानडी आणि इंग्रजीत होता. दोन्ही वाचता येतं, सही मात्र मराठीत केली. वजन ६६ किलो, किलोमागं ०.६ मिलिग्रॅम, म्हणून १० मिलिग्रॅमच्या चार गोळ्या. फेब्रुवारीच्या एका सोमवारी सकाळी दोन इडल्या खाऊन नऊ वाजता चारही गोळ्या गिळल्या. रिकाम्या पोटी घेतल्या तर मळमळतं. इडल्या खाऊनही मळमळलंच, पण उलटी झाली नाही. अंजीर आणि लिंबू त्या दिवशी टाळायचं, त्यांच्यातही हेच कूळ असतं.

यंत्र म्हणजे एक उभं कपाट. आपल्या घरातलं लोखंडी कपाट असतं त्यापेक्षा थोडं रुंद, आत चारही बाजूंनी उभ्या ट्यूबलाईटा, वर पंखा. आत जाताना अंगावर फक्त लंगोटीएवढं कापड, कारण तिथल्या कातड्याला हा उजेड सोसत नाही. डोळ्यांवर घट्ट गॉगल. टेक्निशियन गोकाककडचा होता, दार लावताना म्हणाला, "कण्ण मुच्चरी, हेदरब्याडरी." डोळे मिटा, घाबरू नका. मग खट्ट झालं आणि सगळ्या ट्यूबा पेटल्या. मिटल्या पापण्यांतूनही जांभळट उजेड जाणवत होता. पंखा गरम हवाच फिरवत होता. पहिल्या दिवशी अडीच मिनिटं. मी मनात मागाचे ठोके मोजत उभा राहिलो, ती सवय आहे.

काहीच झालं नाही. दुखलं नाही, भाजलं नाही. बाहेर येऊन मी विचारलं, "झालं?" तो म्हणाला, झालं.

सोमवार, बुधवार, शुक्रवार. मध्ये एक दिवस सोडायचाच, कारण पुवाची लाली त्याच दिवशी दिसत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर येते. दर वेळी कातडी बघून मात्रा थोडी वाढवायचे. शेवटी शेवटी मी पंधरा मिनिटांच्या वर आत उभा असायचो. एकदा मध्येच वीज गेली. आम्हा मागवाल्यांना वीज जाणं नवीन नाही, पण पूर्ण काळोखात, कपाटात, उघड्या अंगानं, गॉगल लावून उभं राहणं नवीन होतं. टेक्निशियननं किती सेकंद झाले होते ते वहीत लिहून ठेवलं आणि वीज आल्यावर उरलेलेच दिले. हिशेबाला पक्का माणूस.

कपाटाबाहेर एक बाक होता. माझ्या वेळेला तिघं असायचो. अनगोळची एक कॉलेजातली मुलगी, तिला ओठाभोवती आणि बोटांवर कोड. बैलहोंगलचे एक मास्तर, सोरायसिसचे, कोपर-गुडघ्यांवर चांदीसारखे पापुद्रे. आणि मी. तिघांचे तीन रोग आणि कपाट एकच, हे मला विचित्र वाटायचं. एकाच चावीनं तीन कुलुपं कशी उघडतात? डॉक्टरला विचारलं. ती म्हणाली, तिघांच्या कातडीत टी पेशींचाच गोंधळ आहे. मुलीच्या अंगात त्या रंग बनवणाऱ्या पेशींना मारतात. मास्तरांच्या अंगात त्या कातडीला उगाच चिथावतात, म्हणून ती भराभर वाढते. आणि तुमच्यात त्या स्वतःच वाढत सुटल्यात. त्या दिवसापासून आम्ही तिघं जरा जास्त बोलायला लागलो.

आतमध्ये नेमकं काय होतं हे समजून घ्यायची माझी हौस ती पुरवायची. तिनं कागदावर डीएनएची शिडी काढली. सोरालेनचा रेणू चपटा असतो, तो शिडीच्या दोन पायऱ्यांच्या मध्ये जाऊन बसतो. यूव्हीए पडला की तो एका बाजूच्या धाग्याला चिकटतो, आणखी उजेड मिळाला की दुसऱ्या बाजूलाही. दोन्ही धाग्यांना मिळून गाठ. मी म्हटलं, कळलं. ताण्याचे दोन शेजारचे धागे एकमेकांना चिकटले की उघडत नाहीत, धोट्याला वाट मिळत नाही, माग थांबतो. पेशीला दुप्पट व्हायचं तर ही शिडी उकलावी लागते, ती उकलत नाही. मग पेशी स्वतःच आवरतं घेते. कातडीच्या साध्या पेशीही या माऱ्यात सापडतात, पण टी पेशी त्यांच्या आधी मान टाकतात. सगळा उपचार या फरकावर उभा आहे.

मी विचारलं, "मग चांगल्या टी पेशी?"

"त्या पण मरतात. उजेड चेहरा बघून पडत नाही."

आणि टी पेशीच नव्हे. कातडीत लांगरहान्स पेशी असतात, फांद्याफांद्यांच्या. १८६८ मध्ये बर्लिनच्या पाउल लांगरहान्स या वैद्यकीच्या विद्यार्थ्यानं कातडीला सोन्याच्या क्षारानं रंगवून त्या पाहिल्या आणि त्याला त्या मज्जातंतूंच्या वाटल्या. खरं तर त्या पहाऱ्यावरच्या. बाहेरून आलेल्याचा तुकडा उचलून टी पेशींना नेऊन दाखवणं हे त्यांचं काम. पुवानं त्यांचीही संख्या घटते. म्हणजे त्या काळात माझ्या कातडीवरचा पहारा खरंच ढिला झाला होता, आणि तो आम्ही जाणूनबुजून केला होता. नागीण उठली, जखम चिघळली, तर ताबडतोब यायचं, असं बजावलं होतं. वर्षानुवर्षं शेकडो वेळा पुवा घेतला तर कातडीचा दुसरा कॅन्सर होण्याचा धोका वाढतो, हेही लपवलं नाही. गोऱ्या कातडीत तो जास्त, आपल्या सावळ्या कातडीत कमी, पण एकूण बैठका मोजून ठेवायच्या. माझ्या फाईलवर आकडा लिहिलेला असतो, गाडीच्या किलोमीटरसारखा.

हाच खेळ रक्तावरही करतात. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या रिचर्ड एडेलसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलं, रुग्णाचं रक्त बाहेर काढायचं, पांढऱ्या पेशी वेगळ्या करायच्या, सोरालेनच्या जोडीनं त्यांना यूव्हीए दाखवायचा आणि परत अंगात सोडायच्या. इतर उपचारांना दाद न देणाऱ्या ३७ रुग्णांपैकी २७ जणांना गुण आला. यातली नवलाची गोष्ट अशी की एका वेळी शरीरातल्या थोड्याच पेशी त्या उजेडाखालून जातात, तरी परिणाम त्याहून मोठा दिसतो. मरू घातलेल्या पेशी परत गेल्यावर पहाऱ्यावरच्या बाकीच्या पेशी त्या उचलतात आणि शत्रूचा चेहरा ओळखायला शिकतात, असं मानलं जातं. मला याची गरज नव्हती, रक्त स्वच्छ होतं. पण ऐकून बरं वाटलं, का ते सांगता येणार नाही.

व्हॉट्सअॅपवर याच सुमारास लाल उजेडानं कॅन्सर जाळण्याचा एक व्हिडिओ फिरत होता, चार जणांनी मला पाठवला. तो उपचार खरा आहे पण वेगळा. त्यात औषध आणि लाल उजेड मिळून पेशीतल्या प्राणवायूला तापट बनवतात आणि तो पेशीला फाडतो, मग सूज येते आणि राखणदार पेशी तिकडे धावतात. माझ्यात राखणदारांनाच घरी बसवायचं होतं. उजेड म्हटला म्हणजे सगळे एकच, असं नाही.

आता माझ्या मूर्खपणाचं सांगतो. बारावी की तेरावी बैठक होती, बुधवार. सुताच्या व्यापाऱ्याचा फोन आला आणि बैठक झाल्यावर मी तसाच इचलकरंजीला गेलो. गोळीच्या दिवशी उन्हापासून जपायचं असतं, म्हणून गॉगल होता, पूर्ण बाह्यांचा शर्ट होता, टोपी होती. परत येताना निपाणीपासून बसला खिडकीची जागा मिळाली, उजवीकडची. काच बंद होती, म्हणून मी निर्धास्त. उकडत होतं, बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या आणि हात खिडकीच्या पट्टीवर टेकवून झोपलो. बस दक्षिणेला चाललेली, सूर्य पश्चिमेला, हत्तरगीच्या पुढं जाग आली तेव्हा हात उन्हात होता. काही वाटलं नाही. गुरुवारी काही नाही. शुक्रवारी सकाळी उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत लाल, टॉवेल लागला तरी आग, आणि कोपराजवळ पाण्यानं भरलेले दोन फोड. दुमडलेल्या बाहीची रेघ पट्टीनं आखल्यासारखी. डावा हात जसाच्या तसा.

डॉक्टरनं हात बघितला, रेघ बघितली आणि विचारलं, "बस की कार?" खिडकीची काच यूव्हीबी, म्हणजे अतिनीलचा दुसरा पट्टा, अडवते, यूव्हीए बराचसा आत सोडते, आणि माझ्या कातडीत सोरालेन होतंच. हॉस्पिटलच्या कपाटात जे मापून देत होते, ते मी निपाणी ते बेळगाव फुकटात, बेहिशेबी घेतलं होतं. दहा दिवस बैठका बंद. हातावर पुढं काळी छटा आली ती अजून थोडी आहे. मेहुण्याला मी तो हात दाखवला. बावचीचा विषय त्यानं परत काढला नाही.

त्यानंतर मी इतका घाबरलो की शिवजयंतीच्या चित्ररथांना, रात्री अकरा वाजता, काळा गॉगल लावून उभा होतो. त्या दिवशी बैठक झाली होती. गर्दीतून एकजण ओरडला, "काय शेठ, पिक्चरात काम मिळालं काय?" सूर्य मावळल्यावर गॉगलची गरज नव्हती, हे डॉक्टरनं दुसऱ्या दिवशी हसत सांगितलं. पण मिरवणुकीला मला मोकळेपणानं जाता आलं हे खरं. दिवसभर घरात पडदे ओढून बसणाऱ्याला रात्रीचा बेळगाव किती गोड लागतो ते तेव्हा कळलं.

गुण कधी दिसायला लागला? आठव्या-नवव्या बैठकीला खाज थांबली. पंधराव्याला पातळ डाग विरायला लागले. जाड होते त्यांच्या कडा आधी बसल्या, मग मधला भाग. सगळं अंग मात्र काळं पडलं, असं की कामगार म्हणाले मालक गोव्याला जाऊन आले. एकतिसाव्या बैठकीनंतर, मे संपता संपता, मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं की डाग जवळजवळ गेले. जवळजवळ.

उरले ते कुठे, तर ढुंगणाच्या खालच्या घडीत आणि डाव्या काखेत. कपाटात माणूस सरळ उभा राहतो, घडीत उजेड शिरत नाही, तिथल्या पेशी सावलीत बसून राहतात. चारही बाजूंनी दिवे आणि दिव्याखाली अंधार, तो असा. मग टेक्निशियननं एक छोटं स्टूल आणलं. शेवटची काही मिनिटं एक पाय स्टुलावर, डावा हात डोक्यावर. आधी डावा पाय, मग उजवा. साठीला टेकलेला माणूस लंगोटीवर, गॉगल लावून, एका पायावर, हात वर करून जांभळ्या उजेडात उभा. मी बायकोला करून दाखवलं तर ती हसून हसून खाली बसली. आजार कळल्यापासून ती पहिल्यांदा तशी हसली.

काखेतला गेला. घडीतला हट्टी आहे, त्यावर आता मलम चालू आहे. तेही स्टिरॉइडच, पण या वेळी मोजून आणि सांगून. हा आजार मुळासकट गेला असं डॉक्टर म्हणत नाहीत, शांत आहे म्हणतात. परत डोकं वर काढू शकतो. त्यामुळे बैठका पुढं आठवड्याला एक, मग पंधरा दिवसांतून एक अशा उतरवत नेल्या.

विजापूरच्या डॉक्टरचं शिक्षण संपून ती गेली. जाताना तिला कुंदा दिला, नको नको म्हणत घेतला. तिच्या जागी आता एक मुलगा आलाय, निपाणीचा, मराठी बोलणारा. मागच्या खेपेला त्यानं माझी फाईल चाळली, एकूण बैठकांचा आकडा बघितला, पडद्यामागं नेलं आणि म्हणाला, "काका, तुमचा हात द्या." मी हात त्या घडीवर ठेवला. निम्मा तळहात रिकामाच राहिला.

"अर्धा," त्यानं लिहिलं. पुढची बैठक शुक्रवारी, अकराला. नऊला गोळ्या.

घरी आलो तर भावानं ताजा काढा करून ठेवला होता. मी तो मागावरच्या पोरांना दिला, दोघांना सर्दी आहे.